माझ्या पोटातलं पाणी

मित्रांनो, मी तांब्या. जुना आहे, कमरेला दोन पोचे आहेत, आणि जरा तोंडाळही आहे. त्याला माझा इलाज नाही. अकरा वर्षं तोंडाला लाल फडकं बांधून बसवलं होतं मला. एकदा बोलायला मिळालं की मग कोण थांबतो?

माझा जन्म तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या शिहोर गावचा. तिथल्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि हसुमतीच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला तिच्याबरोबर दिलं. असा मी चरोतर भागातल्या तिच्या सासरी आलो. पहिली काही वर्षं मी पोटभर काम केलं. सकाळी मला भरायचे, निजायच्या आधी रिकामा करायचे, चिंचेने लखलखीत घासायचे. हसुमतीचा नवरा अनोपभाई शेतावरून आला की वरून धार धरून घटाघटा प्यायचा आणि म्हणायचा, "या तांब्यातलं पाणी काही औरच लागतं." शेजारपाजारचे लोक कलशासाठी मला मागून न्यायचे. माझी ऐट होती गावात.

मग एके दिवशी बापजी घरी आले.

बापजी म्हणजे अर्ध्या गावाचे गुरू. हसुमतीची सासू मोंघीबा तीस वर्षं त्यांच्या सत्संगात होती. बापजींनी घराला पाय लावावेत म्हणून तिने किती उपास केले होते, ते तिलाच माहीत. ते आले, परातीत त्यांचे पाय धुतले आणि ते पाणी माझ्यात ओतलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून उठलो तो थेट देवघरात, बापजींच्या फोटोसमोर जाऊन बसलो. खोटं कशाला बोलू, मी फुगून गेलो होतो.

पण त्या पाण्याचा एक नियम होता. ते कधी संपू द्यायचं नाही. चमचा चमचा देता देता पाणी उतरलं की माठातलं ओतून मला पुन्हा काठोकाठ भरायचं. मूळचा एक थेंब जरी उरला, तरी सगळं पाणी बापजींचंच होतं, असं सत्संगात सांगत. ताप आला, चमचाभर पाणी. पोट दुखलं, चमचाभर पाणी. दहावीची परीक्षा, न ठरणारं लग्न, गाभण न राहणारी म्हैस, सगळ्यांना चमचाभर पाणी. बायका औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन यायच्या. आठवड्यात मी निम्मा व्हायचो आणि दर गुरुवारी हसुमती मला भरायची. रिकामा मला कोणी केलाच नाही, मग घासणार कोण? तळाशी हिरवा थर धरला, पाणी कळकलं. लोक तोंडं वेडीवाकडी करायचे, तेव्हा सत्संगाच्या प्रमुख जसवंतीबेन समजावायच्या, "कडू लागणारच. बापजींच्या तपाची चव आहे ती."

तप कसलं डोंबलाचं! ती माझी चव होती.

गंमत म्हणजे आमची हसुमती गावच्या डेअरीत दूध तपासायला बसायची. सकाळ-संध्याकाळ रांग लागायची आणि ही दुधात लॅक्टोमीटर सोडून डोळे बारीक करून बघायची. तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे. "रतिभाई, म्हशीला नळाखाली उभी केली होती का?" एवढंच विचारायची आणि कॅन मागे ढकलायची. तिला सगळं गाव वचकून असायचं.

हसुमतीला एकच मुलगी, झंखना. आठवीत असताना तिला फिट यायला लागल्या. नडियादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोज रात्री आठला एक गोळी, आणि एक दिवसही चुकवायची नाही, असं तीन-तीनदा बजावलं. गोळ्या लागू पडल्या. आठ महिने मुलीला एकही फिट आली नाही. ती सायकलवरून शाळेत जायला लागली. घर हसतं झालं.

तेवढ्यात बापजींचं शिबिर भरलं. शेकडो माणसांसमोर बापजींनी मोंघीबाला उभं केलं आणि विचारलं, "घरात माझं पाणी आहे ना? मग नातीला गोळ्या कशाला? गोळीवरच भरवसा असेल, तर माझं पाणी गटारात ओता." मोंघीबाची मान खाली गेली. घरी येऊन ती जेवली नाही, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी हसुमतीने गोळ्यांची पाकिटं उचलली आणि बापजींच्या पायाशी नेऊन ठेवली. तिला कोणी हाताला धरून नेलं नव्हतं. ती स्वतः गेली. हे मी तिच्या बाजूचा असूनही सांगतो.

त्यानंतर रोज रात्री आठला झंखनाला माझ्यातलं चमचाभर पाणी मिळायला लागलं. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटायचं. पाजू नका, यात काही नाही, माठातलं शिळं पाणी आहे! पण तांब्याचं कोण ऐकतो?

अकराव्या दिवशी मुलगी फिट येऊन जिन्यावरून गडगडत खाली आली. हनुवटी फाटली, सात टाके पडले. जसवंतीबेन भेटायला आल्या, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसुमतीला म्हणाल्या, "श्रद्धा कुठेतरी कमी पडली गं."

पुढच्या गुरुवारी हसुमती मला भरायला बसली. झंखना हनुवटीला पट्टी लावून झोपाळ्यावर बसली होती.

"मम्मी, आज रतिभाईंचं दूध परत केलंस?"

"केलं. तिसरा हिस्सा पाणी होतं त्यात."

"मग यात बापजींचं किती असेल?"

"जीभ बघा कार्टीची!" मोंघीबा आतून ओरडली.

हसुमती मात्र ओरडली नाही. तिचा हात तसाच हवेत राहिला. जिचं सगळं आयुष्य पाणी पकडण्यात गेलं, तिला आता कोणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या गुरुवारी निम्मं, दुसऱ्या गुरुवारी पाव. दहाव्या गुरुवारी हजारातला एक भागही नाही. आणि असे गुरुवार झाले होते अकरा वर्षांचे! ती तिथेच फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. "माझ्या हाताने बंद केल्या गं मी तुझ्या गोळ्या," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग तोंड धुतलं, अनोपभाईला मोटरसायकल काढायला लावली आणि दोघं नडियादला जाऊन गोळ्या घेऊन आली.

येताना ती थेट सत्संगात शिरली. जसवंतीबेनच्या ओसरीवर चाळीस माणसं बसली होती. पुढचं मला अनोपभाईच्या तोंडून कळलं, आणि तो ते अजून सांगत असतो.

"जसवंतीबेन, आमच्या तांब्यात बापजींचं पाणी उरलेलं नाही," हसुमती सगळ्यांसमोर म्हणाली. "अकरा वर्षं मी माठातलं पाणी वाटतेय. असं दूध डेअरीत आणलंत, तर मी कॅन फेकून देईन."

"श्रद्धा मोजायची नसते, हसुमती."

"मी पाणी मोजलं, बेन. श्रद्धा तुमची तुमच्याजवळ. पण आजारी पोराला गोळी सोडायला सांगणारा गुरू मला नको. आजपासून मी सत्संगात नाही."

"बापजींचा कोप होईल!" मागून कोणीतरी म्हणालं.

"होऊ दे. सात टाके पडलेत माझ्या पोरीला. आता आणखी काय होणार?"

घरी येऊन तिने मला उचललं आणि परसातल्या लिंबाच्या झाडाखाली नेलं. तोंडाचं लाल फडकं सोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. इतकी वर्षं ऐकलेलं काही एका दिवसात अंगातून जात नाही. मोंघीबा दारात डोळे मिटून उभी होती. हसुमतीने मला पालथा केला. हिरवट पाणी मातीत जिरलं. आभाळ कोसळलं नाही. लिंबाचं झाडही होतं तसंच राहिलं. मग ती अर्धा तास चिंच घेऊन मला घासत बसली आणि मला, काय सांगू तुम्हाला, अंघोळ झाल्यासारखं वाटलं!

पण नंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. दोन माणसं येऊन मला मागून गेली. म्हणे हा तांब्या बापजींचा. "माझ्या बापाने दिलाय," म्हणून हसुमतीने त्यांना वाटेला लावलं. रस्त्यात कोणी तिला 'जय बापजी' म्हणेना. लग्नाची आमंत्रणं यायची थांबली. काहींनी दूध दुसऱ्या गावात घालायला सुरुवात केली. मोंघीबाने तर तिच्या हातचं खाणंच सोडलं. वेगळी चूल मांडली, स्वतःची भाकरी स्वतः थापायला लागली आणि सुनेशी बोलायची झालीच तर भिंतीकडे बघून बोलायची. हसुमतीला त्याचं फार लागायचं. पण आठची गोळी तिने एकदाही चुकवली नाही.

एका संध्याकाळी डेअरीचा टेम्पो बंद पडला आणि हसुमती तिकडेच अडकली. अनोपभाई परगावी गेला होता. आठ वाजले. झंखना अभ्यासात गुंग. मोंघीबा माळ ओढत बसली होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, फळीवरची गोळी काढली, मला माठातल्या ताज्या पाण्याने भरलं आणि नातीसमोर उभी राहिली.

"घे."

"बा, तू देतेस? आणि बापजी?"

"बापजींशी काय बोलायचं ते माझं मी बघेन," मोंघीबा म्हणाली. "तू आधी गोळी गीळ."

आणि ती पोर पाणी प्यायली. माझ्यातलं.

मित्रांनो, मोंघीबा अजून माळ ओढते. तिची वेगळी चूल अजून तशीच आहे. बापजींचं पाणी भरून लाल फडकी बांधलेले माझे सात भाऊबंद गावातल्या दुसऱ्या सत्संगी घरांत अजून आहेत, आणि बायका त्यांच्याकडे बाटल्या घेऊन जातात. त्यांना बोलता येत नाही, म्हणून मीच तुम्हाला सांगतो. भांडं रोज रिकामं करावं, घासावं, मग भरावं. आणि तुमच्या घरी एखादं भांडं झाकून ठेवलेलं असेल, त्यात काय आहे असं विचारलं की मोठी माणसं रागावत असतील, तर खुशाल झाकण काढून बघा. माणसं रागावतील. भांडं नाही रागावत.