तोंडाकडे बघून

खिडकी आपटू नये म्हणून फटीत खोचलेला कापड विणायच्या मागावरचा जुना धोटा, टोकाचं लोखंड झिजून पांढरं पडलेलं... सुवर्णा मघापासून त्या धोट्याकडेच बघत होती, कारण दुसरीकडे बघायचं म्हटलं तर नवऱ्याची पाठ दिसायची, आणि खोली एवढीशी की एक पाठ आडवी आली की बाकी काही उरतच नाही.

सिद्धेश फोनवर बोलत होता. "व्हय अण्णा... व्हय... तिला इचारतो की." पलीकडे वडगावातून त्याचे थोरले भाऊ, बसवंतअण्णा, त्यांच्या मागं घरातल्या यंत्रमागांचा खडखडाट इथवर ऐकू येत होता. एक कामगार सोडून गेलाय, दोघं परत या, तुमचा माळा अजून रिकामाच आहे, असं अण्णा म्हणत होते. उत्तर आजच हवं होतं.

परत! बेळगुंदीच्या शेतातलं हे एका खोलीचं घर तिनंच हट्टानं मिळवलं होतं. एक खाट, एक शेगडी, दोन माणसं, बस्स. "खुराड्यात ऱ्हायाला चाललीस व्हय गं?" म्हणत जाऊबाईंनी नाक मुरडलं तेव्हा ती मनात म्हणाली होती, हो, खुराडंच, पण आमचं दोघांचं. माळ्यावर पडून ती मोबाइलवर असली इटुकली घरं बघत राहायची, कुशीसुद्धा जपून बदलायची, कारण फळी करकरली की सकाळी खाली सगळे हसायचे.

मग आता खुपतंय काय?

मागवाल्यांच्या घरात त्या खडखडाटात हाक मारून उपयोग नसतो. खांद्याला हात लावायचा, माणूस वळतो, तोंडाकडे बघतो, मग ओठांनी बोलायचं. पाठीमागून बोललेलं कुणी धरतच नाही. लग्नानंतर त्यानं पहिल्यांदा 'लई छान दिसतीस' म्हटलं ते सासूबाई हातभर अंतरावर कांड्यांवर सूत भरत असताना, नुसत्या ओठांनी — केवढी लाजली होती ती! मीठ संपलंय एवढं सांगायचं असलं तरी तो टक लावून बघायचा... मीठ संपलं की मला बरंच वाटायचं.

इथं सगळं ऐकू येतं. भांडं, सुस्कारा, गिळलेला घोटसुद्धा. म्हणून बघावं लागत नाही. "चहा?" "ठेव की." हे चपला काढता काढता, नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालून. किती दिवस झाले ह्यानं माझ्या तोंडाकडे बघितलेलं नाही? ह्याच घरासाठी मी सगळ्यांशी वाकडं घेतलं? तिला राग आला — त्याचा, घराचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. कारण परत जायचं नव्हतंच. तिला हे घरही हवं होतं आणि ते बघणंही.

"अण्णा म्हणत्यात, या परत." फोन खिशात टाकत तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला. "जाऊया काय गं?"

न्हाय, ती म्हणाली. म्हणजे म्हणाली असं तिला वाटलं... आवाज आलाच नव्हता. नुसते ओठ हलले होते, सवयीनं, जणू शेजारी माग चालू आहे. पाठीला काय दिसणार?

"ऐकलीस न्हवं गं? जाऊया काय?"

खांद्याला हात लावायला ती उठणार होती. उठली नाही. बाहेर काजूच्या झाडाखाली शेळी ओरडत होती. आता हा म्हणेल, गप हाय म्हणजे चालतंय तिला, आणि अण्णांना 'येतो' म्हणून कळवेल — मग? कळवू दे. नाही, नको, कळवायला नको... पण बोलायचं नाही.

तो वळला. "अगं, इचारतोय न्हवं—" म्हणता म्हणता थांबला. भुवया आक्रसून तिच्या तोंडाकडे बघू लागला, जुन्या सवयीनं, ओठ हलायची वाट बघत. आपल्या चेहऱ्यावर केव्हापासून ऊन पडलंय हे तिला आत्ता कळलं. उत्तर तयार होतं, एका शब्दाचं. ते दिलं की हा पुन्हा पाठ फिरवेल... तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.