उजव्या गालावरचा तीळ

हरिश्चंद्र मास्तरांनी शाई लावलेल्या कोरीव फळीवरून कागद अलगद सोलून उलटा केला. बायकोच्या, गोदाच्या, डाव्या गालावरचा तीळ छापात उजव्या गालावर आला होता.

ठसा उलटा उमटतो, म्हणून लाकडावर चित्र आधीच उलटं काढायचं. रत्नागिरीतल्या शाळेत तीस वर्षं मास्तरांनी मुलांना छापचित्राच्या पहिल्याच तासाला हे सांगितलं, विसरणाऱ्यांचे कान पिळले. आणि आता, २००२ साली, गोदाच्या साठीची भेट म्हणून महिनाभर फणसाची फळी कोरताना स्वतःच विसरले! कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही. पण मास्तरांना लाकडाची फिकीर नव्हती. त्यांच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा विसरणं, मग माणसांची नावं, आणि शेवटी मांडवीच्या जेट्टीवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच्याच घराचा पत्ता विचारणं. गोदाने ते सगळं निस्तरलं होतं. पुन्हा तेच तिच्या वाट्याला? तिला कळता कामा नये.

छाप लपवणार तोच ती चहा घेऊन आली.

“अहो, असे पांढरेफटक का पडलात? बघू तरी.”

“नको गो. बिघडलाय तो.”

तिने कागद उजेडात धरला.

“बिघडलाय कुठे? मीच की ही! आरशात रोज अश्शीच दिसत्ये. फोटोतली मेली कधी माझ्यासारखी वाटलीच नाही मला.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. “मुद्दामच काढलं तसं,” त्यांनी ठोकून दिलं.

“हो काय? बरं हो. मग करा सही.”

छापाखाली पेन्सिलीने प्रतीचा नंबर घालायचा, सही करायची, ही रीत. पेन्सिल नेहमीच्या जागी, सदऱ्याच्या खिशात होती. पण टोक आत कशात तरी अडकलं. मास्तरांनी खिसा ओढून आत डोकावलं. तळाशी एक कापडी पट्टी शिवलेली होती. तिच्यावर गोदाच्या अक्षरात त्यांचं नाव, आळी, फोन नंबर. बऱ्याच धुण्यांनी शाई फिकट झाली होती.

मास्तरांनी वर पाहिलं. गोदा पाठमोरी, बशीत चहा ओतत होती.

त्यांनी पेन्सिल सोडवली आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत, सही केली.