आखणीआधी पाणी

"काका, पोट साफ होतं का रोज?"

पुंडलिकने बायकोकडे पाहिलं. पेणहून गाडीने रोह्याला यायचं, दीड तास बाकावर ताटकळायचं ते उजव्या हातासाठी. आणि ही डॉक्टरीणबाई पोटाचं विचारते!

"हात थरथरतो माझा. पोटाला काय धाड भरलीय?"

"खोटं," गोदूबाई म्हणाली. नवऱ्याची अब्रू राखायचा तिला कंटाळा आला होता. "पंधरा वर्सं झाली. इसबगोल झाला, एरंडेल झालं. तीन-तीन दिवस जात नाय."

डॉ. नफिसांनी पेन खाली ठेवलं. "हा कंपवात आहे, काका. पुष्कळांचं पोट हात थरथरण्याआधी कित्येक वर्षं कुरकुरतं. आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते जे बनवतात त्याची खबर नसांमधून, रक्तातून मेंदूपर्यंत जाते. काहींचा हा आजार पोटातच सुरू होत असावा, असं आता वाटतंय. नक्की अजून कुणाला ठाऊक नाही. पाणी किती पिता?"

इथे मात्र पुंडलिक ताठ झाला.

"गणपतीच्या सीझनला सकाळपास्नं दुपारपातूर थेंब नाय. चाळीस वर्सं."

त्याचा अभिमानच होता तो. कारखान्यात मूर्ती कुणीही साच्यातून काढो, रंग कुणीही लावो, डोळे पुंडलिकचे. आखणी त्याची. उजवा डोळा काढला की डावा होईपर्यंत उठायचं नाही, नाहीतर देवाची नजर तुटते, हा त्याच्या बापाचा नियम. आणि मूर्ती एकामागून एक येत राहणार. मग उठायची वेळच येऊ नये म्हणून पाणीच तोडायचं. त्याने काढलेले डोळे पेणपासून पार दुबईपर्यंत पुजले जात होते.

डॉक्टरीणबाई शाबासकी देतील असं त्याला वाटलं. त्या म्हणाल्या, "त्यानेच आजार झाला असं मी म्हणणार नाही. पण पोटाचे हाल केलेत तुम्ही."

गोळ्या लिहून दिल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली. पोटातले जिवाणू आणि कंपवात यांचा अभ्यास चालला होता, त्यासाठी शौचाचा नमुना हवा होता.

"त्यानं माझा हात थांबंल?"

"नाही. तुमच्यासाठी गोळ्या आहेत. हा पुढच्यांसाठी."

"पुढच्यांचं पुढचे बघतील," असं म्हणून पुंडलिक उठला. चाळीस वर्षं कलेचा माणूस म्हणून मिरवलेला गडी, त्याच्याकडे मागायचं तर हे? नागोठणं मागे पडलं तरी तो खिडकीकडे तोंड फिरवून बसला होता. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता.

घरी आला तेव्हा सून मृणाली कारखान्यात होती. ती दोन वर्षं फुटक्या मूर्तींवर डोळे गिरवत होती. चांगली गिरवायची, पण पुंडलिकने तिला खऱ्या मूर्तीला हात लावू दिला नव्हता. आज तिचे ओठ कोरडे पडून चिरले होते.

"पाणी नाय प्यालीस गो?"

"सकाळपासून नाही," ती खुशीत म्हणाली. "तुमच्यासारखं जमतंय आता, बाबा."

पुंडलिकने तिच्या चिरलेल्या ओठांकडे पाहिलं. पोरीने आपली रेघ उचलली ती उचलली, आपला हट्टही उचलला. रात्रीचं जेवण त्याला गोड लागलं नाही.

चार दिवसांनी तो एकटाच रोह्याच्या गाडीत बसला. मांडीवर बर्फाची थंड पिशवी. शेजारच्याने पेणचा माणूस ओळखून विचारलं, "मूर्ती काय पिशवीत?"

"नाय. पण नाजूक हाय, धक्का नको मारू."

डॉ. नफिसांच्या टेबलावर त्याने नमुन्याची पिशवी ठेवली, तीही डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी, देव मांडावा तशी. "लिहा माझं नाव," तो म्हणाला.

गोळ्यांनी हात पुष्कळ स्थिरावला. चहाचा कप तोंडापर्यंत सरळ जाऊ लागला. पण डोळ्याची रेघ 'पुष्कळ'वर होत नाही, हे पुंडलिकइतकं कोणाला कळणार? आषाढात पहिली मोठी मूर्ती पाटावर आली. सगळे त्याच्या हाताकडे बघत असताना त्याने कुंचला मृणालीपुढे धरला. कुंचला थरथरत होता. त्याने ते लपवलं नाही.

"आधी पाणी पी. पुरा तांब्या. मग आखणी."

तिने उजवा डोळा काढला. पुंडलिकचा बाप असता तर त्यालाही खोट सापडली नसती. डाव्याला हात घालण्याआधी ती अवघडून थांबली.

"काय झालं?"

"काही नाही." मग हळूच, "पाणी खूप झालं, बाबा."

कारखान्यातले सगळे हात थांबले. नियम सगळ्यांना ठाऊक होता.

"जा गो," पुंडलिक म्हणाला. "देव काय पळून जात नाय."

"आणि नजर?"

"मी बसतो हितं. नजर मी धरून ठेवतो."

ती गेली. एका डोळ्याने देव पुंडलिककडे बघत होता. पुंडलिक मांडी घालून समोर बसला आणि थरथरता हात उघडा गुडघ्यावर ठेवून, ती येईपर्यंत, त्याने पापणी लवू दिली नाही.