ढाळ

…न्हाणीघरात बसवायची जाळी अजून गार होती. रात्रभर ओट्यावर पडून राहिलेली, स्टीलची, तळहातावर घेतली तर बरोबर तळहाताएवढी. नव्या वस्तूंना येतो तो तेलकट वास तिला अजून येत होता, आणि तिच्या बारीक भोकांतून अश्वजितला आपल्याच हातावरच्या रेषा तुकड्यातुकड्यांनी दिसत होत्या. आज ही बसली की संपलं. काल जाताना चंद्रप्पा मिस्त्री म्हणाला होता, उद्या जाळी आन् धरायचे दांडे बसवतो सर, की अक्का मोकळ्या. मोकळ्या… तो शब्द तेव्हापासून त्याच्या डोक्यात घोळत होता, आणि बायकोबद्दल म्हटलेला तो शब्द आपण गुपचूप स्वतःकडे ओढून घेतोय हेही त्याला कळत होतं.

"अहो, हीटर बंद करा. पाणी कढून राहिलं," आतून प्रियदर्शनीचा आवाज आला.

त्याने जाळी ठेवली, बटण बंद केलं, बादली उचलली. कमरेतून कळ निघाली ती थेट मानेपर्यंत गेली.

न्हाणीघर फोडल्यापासून तिची आंघोळ घराच्या मागच्या बोळीत होत होती. कंपाउंडची भिंत आणि घराची भिंत, मध्ये दोरीवर जुनी साडी, साडीमागे प्लास्टिकची खुर्ची. थंडीचे दिवस; उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून उतरून खुर्चीपर्यंत यायला वेळ लागे, आणि तो येईपर्यंत ती वॉकर धरून दारातच उभी राही, गाऊनच्या बाह्या ओढून घेत. पावसाळ्यात ती पडली होती, न्हाणीघराच्या त्या कट्ट्यावरूनच, पाणी बाहेर येऊ नये म्हणून बांधलेल्या. पाय अडकला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. आणि तेव्हापासून रोज सकाळी तिला न्हाऊ घालणं त्याच्याकडे आलं.

आणि हे किती विचित्र होतं! ती मुखेडच्या सरकारी दवाखान्यात नर्स, तो नांदेडला जिल्हा परिषदेत कारकून. सगळी नोकरी अशीच गेली, संसार झाला तो रविवारचा. शनिवारी संध्याकाळी ती एसटीने यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. तेवढ्यात धुणं, दळण, लेकीचा, तनुजाचा अभ्यास… मुखेडात सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून तोही गमतीने सिस्टर म्हणायचा, आणि कधीकधी त्याला वाटायचं की ही गंमत नाहीच, आपल्यालाही ती तेवढीच माहीत आहे. तिच्या पाठीवर डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, मसुराएवढा एक तीळ आहे, हे त्याला या पावसाळ्यात कळलं. साठी उलटल्यावर.

पहिल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुसऱ्या दिवशीपासून मात्र तिने सूत्रं हातात घेतली. पाणी आधी पायावर, मग खांद्यावर. आधी हातावर घेऊन बघा. घासू नका, दाबून पुसा. हजारो माणसांची अंगं पुसलेली बाई. आपलं अंग तिने एखाद्या पेशंटचं असावं तसं त्याच्या हवाली केलं होतं, आणि तिच्या त्या हुकमी बोलण्याचा आधार वाटून त्याचे हात सरावले होते.

पण आज… आज त्याचं लक्ष नव्हतं. कमर ठणकत होती, रात्री ती तीनदा उठली होती म्हणून तोही तीनदा उठला होता, आणि खिशात फोन वाजत होता. मित्राचा, नरसिंगचा असणार; नदीकाठी फिरून आल्यावर चहाच्या हॉटेलातून तो रोज फोन करी, येतो का रे, म्हणून. न येण्याची रोज नवी सबब. मी दमलोय, एवढं साधं वाक्य मला कुणापाशी म्हणता येत नाही, नरसिंगपाशी नाही, तनुजापाशी तर नाहीच. बायकोला न्हाऊ घालून कुणी दमतं का? या चिडीतच त्याने तांब्या बुडवला, गार पाणी मिसळायचं राहून गेलं, आणि तसाच तिच्या पाठीवर ओतला.

तिचे खांदे एकदम आत ओढले गेले.

"भाजलं?"

"न्हाई."

एवढंच. चमचा उलटा ठेवला तरी बोलणारी बाई. तो बघत राहिला. पाठीवर लाल पट्टा उमटला होता, कडेने वाफ निघत होती. त्याने बादलीत गार पाणी ओतलं, हातावर घेऊन बघितलं, पुन्हा बघितलं.

चंद्रप्पा आला तो ड्रिल मशीन घेऊन. देगलूरकडचा माणूस, तोंडात सतत सुपारी, कामाला बरा पण घाईचा. त्याने भिंतीला भोकं पाडायला सुरुवात केली आणि सगळं घर दातांत घुमू लागलं. प्रियदर्शनी हॉलमध्ये खुर्चीवर बसून आवाजाच्या दिशेने बघत होती, मुलाच्या परीक्षेचा निकाल बाहेर उभं राहून ऐकावा तशी.

या नव्या न्हाणीघराची कल्पना तनुजाची. पुण्याहून तिने फोनवर फोटो पाठवले होते: उंबरा नाही, कट्टा नाही, खोलीभर एकच खडबडीत फरशी, दारापासून हलकेच उतरत जाळीपर्यंत गेलेली. वॉकर घेऊन सरळ आत जायचं, खुर्चीवर बसायचं, हातातल्या शॉवरने न्हायचं. सगळा खेळ त्या ढाळाचा होता. आणि पहिल्यांदा तो चुकला होता. मागच्या आठवड्यात चंद्रप्पाने बादलीभर पाणी ओतून दाखवलं, पाणी जाळीच्या भोकाकडे गेलं, पण कोपऱ्यात, खुर्ची येणार तिथंच, बशीएवढं डबकं राहिलं.

"एवढं राहतंयच की सर, कुठं बी राहतंय," चंद्रप्पा म्हणाला होता.

"काढा त्या फरश्या," दारातून प्रियदर्शनी म्हणाली.

अश्वजितला तेव्हा नुसतं बसावंसं वाटत होतं. पुन्हा फोडाफोडी, पुन्हा धूळ, पुन्हा ते बोळीतलं न्हाणं. "राहू दे ना," तो म्हणाला, "मी रोज पुसून घेत जाईन."

तिने वॉकरवरून मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "किती दिवस पुसणार तुम्ही?"

तो प्रश्न साधा होता, की त्यात दया होती, की आणखी काही, हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं. चंद्रप्पाने कुरकुरत फरश्या काढल्या, खालचा सिमेंटचा माल खरवडला, पुन्हा बसवल्या.

दुपारनंतर काम संपलं. जाळी बसली, दांडे बसले. चंद्रप्पाने पूर्ण बादली ओतली आणि पाणी एका पातळ पापुद्र्यासारखं सरकत गेलं, कुठे न अडता, आणि जाळीतून आवाज करत उतरलं. कोपरा कोरडा. ती वॉकर घेऊन आत गेली, दांडा धरला, अंगाचा भार टाकून बघितला, सोडला, पुन्हा धरला.

"झकास झालं की मिस्त्री," ती म्हणाली. अशा आवाजात ती बऱ्याच महिन्यांत बोलली नव्हती.

चंद्रप्पा गेल्यावर ती म्हणाली, "मी न्हाऊन घेते."

"सकाळी न्हालीस की."

"हाव. पुन्हा न्हाते."

"मग थांब, पाणी—"

"गिझर लावला मी. तुम्ही जाऊन या की नरसिंगभाऊंकडं. लई दिवस झाले."

त्याने गाऊन दिला, टॉवेल दिला. खुर्ची आत सरळ लावली, मग उगीच थोडी वाकडी केली, मग पुन्हा सरळ.

"कडी लावू नको."

"न्हाई लावत. पण तुम्ही येऊ बी नका."

दार ओढलं गेलं.

त्याने सदरा बदलला. चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला. एवढ्या दिवसांपासून याच संध्याकाळची तर वाट बघत होता: नदीकाठची हवा, कडक चहा, नरसिंगच्या त्याच त्या गोष्टी. फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि सकाळचा तो लाल पट्टा डोळ्यांपुढे आला. त्यासाठी का? त्यासाठीच ती आज, दुसऱ्यांदा…? की ती पहिल्यापासूनच दिवस मोजत होती, जसा मी मोजत होतो? आणि मग "किती दिवस पुसणार" हे ती माझी सुटका करायला म्हणाली, की स्वतःची? तिला विचारता येईल. पण ती म्हणेल, न्हाई. सकाळी म्हणाली तसंच.

तो परत आला, चपलांसकट हॉलमध्ये बसला. आतून शॉवरचा आवाज येत होता. थांबला. तो उठून उभा राहिला. साबणाची डबी कुठेतरी आपटली, दांड्यावर हात सरकल्याचा आवाज, मग पुन्हा पाणी, तो बसला. पाठीला हात पुरणार नाही तिचा, त्याच्या मनात आलं, डाव्या बाजूला तर नाहीच. हाक मारील. त्याने कान दिले. पाणी लांबलं, मग हळू झालं, मग तिचा गुणगुणण्याचा आवाज आला, सूर नसलेला, पुसट. ही गुणगुणते? इतक्या रविवारांत त्याने तो कधी ऐकला नव्हता, आणि रोज सकाळी, त्याच्या हाताखाली, तर कधीच नाही.

हाक आली नाही.

दार उघडलं तेव्हा वाफेबरोबर ती बाहेर आली, वॉकर पुढे, ओले केस मागे सारलेले, चेहरा तुकतुकीत आणि थकलेला. फरशीवर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटत होते, एकाआड एक, नीट.

"गेले न्हाई तुम्ही?"

"निघालोच होतो."

ती हसली. त्याच्या चपलांकडे बघून हसली असावी. आणि तेव्हा त्याला दिसला, तिच्या उजव्या कानाच्या पाळीखाली राहिलेला साबणाचा फेस, बोटभर, मानेकडे ओघळत आलेला. त्याचा हात आपोआप वर झाला. अर्ध्यावर थांबला.

"काय पाहून राहिले?"

"काही न्हाई."

ती वॉकर टेकत खोलीत गेली. सांगायला हवं होतं. तिच्या आनंदावर पाणी नको म्हणून आपण गप्प राहिलो, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण ते खरं नव्हतं. उद्याही फेस तिथंच राहावा, परवाही राहावा, कधीतरी तिचा हात पुरू नये असं आपल्याला वाटतंय, हे कळलं आणि तो स्वतःलाच दचकला. फोन पुन्हा वाजू लागला. त्याने तो वाजू दिला. जी दमणूक आज उतरायची होती ती अजून अंगावर तशीच होती. फक्त आता ती कशाची, हे त्याला सांगता येईना.