सॉफ्टवेअरचा उपास

सर्व्हरच्या खोलीबाहेर ऑफिसातली चाळीस माणसं मान खाली घालून उभी होती. मध्ये पिवळ्या भाताचा डोंगर, भोवती उकडलेली अंडी आणि डोळे चुरचुरवणारा धूप. आत कोण आजारी होतं म्हणता? चौदा वर्षांचं एक सॉफ्टवेअर. सेमारंगमधल्या बारा दवाखान्यांत औषधांच्या चिठ्ठ्या छापायचं काम ते करायचं.

आमच्या जावा बेटावर सात दिवसांचा आणि पाच दिवसांचा असे दोन आठवडे एकत्र चालतात, म्हणून माणसाचा जन्मवार दर पस्तीस दिवसांनी फिरून येतो. एयांग जगत नावाच्या बाबांनी सॉफ्टवेअरलाही जन्मवार काढून दिला होता. तो जवळ आला की एकेक चिठ्ठी यायला दहा मिनिटं लागायची. पूजा झाली की पुन्हा झटपट. हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच माझा जळफळाट व्हायचा.

ते सॉफ्टवेअर अकरा वर्षं सांभाळणारी बाई म्हणजे माझी आई, इबु एंदाह; आमच्याकडे आईलाही इबु म्हणतात आणि ऑफिसातल्या बाईंनाही. पूजेला घरच्यांनाही बोलवायचे, म्हणून मीही तिथे होते. तिचं एकच म्हणणं होतं, दोन महिने नवीन काही नको, आधी जुन्या चुका दुरुस्त करू. संचालक बापाक, म्हणजे साहेब, हेंदार्तोंना मात्र पडद्यावर गोल फिरणारी औषधाची बाटली हवी होती. आणि वाढदिवसाचं गाणंही.

"म्हाताऱ्याच्या जखमा उकरायच्या नसतात," एयांग डोळे मिटून म्हणाले. "त्याला दागिने घालायचे असतात. प्रत्येक नवी सोय हा एक दागिना. पण इथे कोणीतरी जखमा उकरतंय."

"कोण, एयांग?" बापाकांनी विचारलं.

"एक बाई. डाव्या कोपऱ्यात बसते."

डाव्या कोपऱ्यात एकच टेबल होतं.

"इबु एंदाह," बापाक म्हणाले, "पुढच्या जन्मवाराला हे पुन्हा आजारी पडलं, तर टेबल रिकामं करा."

पडणारच होतं. दर वेळी पडायचं.

घरी मी विचारलं, "इबु, तो माणूस आत नेमकं करतो काय?"

"मंत्र, पाणी, धूप. आणि सॉफ्टवेअरचा एक तासाचा उपास."

"म्हणजे?"

"म्हणजे सर्व्हर बंद. प्रत्येक चिठ्ठीला ते थोडी जागा घेतं आणि परत देत नाही. माणसं चढतात पण उतरत कोणीच नाही, अशी बस समज. महिन्याभरात बस खच्चून भरते. बंद केलं की सगळे एकदम खाली."

"तुला माहीत होतं?"

"दोनदा सांगितलं. बापाक म्हणाले, उपास वेगळा आणि बंद करणं वेगळं."

"सांगू नकोस ना मग. दाखव."

जन्मवार बुधवारी होता. आधीच्या शुक्रवारी दुपारी, नमाजासाठी दवाखाने बंद असताना, इबुने सर्व्हर पाव तास बंद ठेवला. ते तिच्याच कामात मोडतं. धूप नाही, अंडं नाही, मंत्र तर नाहीच. ऑफिसात कुणाला पत्ता लागला नाही, कारण चिठ्ठ्या छापतात त्या दवाखान्यांत, इथे एरवी कोणी छापतच नाही.

बुधवारी पुन्हा भात, पुन्हा गर्दी. एयांगांनी बंद दारावर तळहात टेकवला. "श्वास कोंडलाय. गेल्या वेळेपेक्षा जखम खोल आहे."

"नक्की ना, एयांग?" मी विचारलं.

"पोरी, मला तो कण्हताना ऐकू येतोय."

मी बाहेरच्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं. चिठ्ठी त्यांच्या पुढच्या वाक्याआधी हातात आली. दुसरी काढली. तिसरी काढली. आणि मग शुक्रवारची हकिगत सगळ्यांना मोठ्यांदा सांगितली.

"माझी कृपा आधीच पोचली," एयांग पुटपुटले.

"मग कण्हत कोण होतं?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

बापाकांचा चेहरा उजळला. मला वाटलं, जिंकलो.

"मग दर शुक्रवारी बंद करत जाऊ," ते म्हणाले. "बाटली कधी फिरायला लागेल?"

म्हणजे बाबा गेला आणि त्याच्या जागी बंद करायचं बटण देवळात बसलं.

"नाही फिरणार," इबु म्हणाली. "बंद करून चूक जात नाही, फक्त लपते. दोन महिने फक्त दुरुस्ती. पुढे प्रत्येक नव्या सोयीमागे एक जुनी चूक मिटवायची. जमत नसेल तर टेबल मीच रिकामं करते."

बापाकांनी गर्दीकडे पाहिलं. तिथलं कोणीही आता मान खाली घालून उभं नव्हतं.

"दोन महिने," ते म्हणाले.

वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला की एकच करा. तीच गोष्ट दुसऱ्या वारी, बाबाशिवाय करून बघा. आणि जमली तर तिथेच थांबू नका. मुळात बिघडलं का, तेही विचारा.