रिकामा कॅन दाखवा

मेव्हणीचा फोन आला तेव्हा तो लेथवर एक जाड शाफ्ट छाटत होता. मेव्हणी आणि त्याची बायको एकाच हॉटेलात कामाला होत्या, खोल्या आणि बाथरूम धुवायच्या. मेव्हणी एवढंच म्हणाली, "भाऊजी, ताई पडली. तुम्ही या." आवाज ऐकूनच त्याला कळलं, की ती नुसती पडलेली नाही. त्याने मशीन बंद केलं आणि तेलकट हातांनी तसाच निघाला.

दवाखान्यात पोचला तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. डॉक्टर म्हणाले, विषारी वायू छातीत गेला. त्याला आधी काही उमजेना. हॉटेलात कसला आलाय वायू? तिथे गालिचे असतात, फुलदाण्या असतात.

मेव्हणीने भिंतीला टेकून, रडत रडत सगळं सांगितलं. हॉटेलच्या तळघरात सफाईच्या सामानाची कोठी होती. तिला खिडकी नव्हती, आणि दार आपोआप बंद होणारं, म्हणजे फिनेलचा वास वर पाहुण्यांपर्यंत जाऊ नये. स्टोअरवाल्याला रिकामा कॅन दाखवल्याशिवाय नवा मिळायचा नाही, असा तिथला नियम. बायका सामान घरी नेतात, असा साहेबांना संशय होता. आता प्रत्येकीच्या कॅनात तळाशी थोडं उरायचंच. तेवढ्यात धड एक बाथरूम होत नाही, आणि कॅन रिकामा नाही म्हणून नवाही मिळत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग बायकांनी आपली रीत काढली होती. सकाळी कोठीत एकीचं उरलेलं दुसरीच्या कॅनात ओतायचं आणि रिकामा झालेला घेऊन स्टोअरच्या खिडकीशी जायचं.

कॅन सगळे पांढरे, एकाच मापाचे. निळ्या झाकणाचं ब्लीच, पिवळ्या झाकणाचं ॲसिड. पण झाकणाचं काय, घाईत कुणाचंही कुणाला बसतं. त्या सकाळी कोठीत बायको एकटीच होती आणि तिच्या हातून ब्लीचमध्ये ॲसिड पडलं. फसफसायला लागलं, म्हणून ती वाकून बघायला गेली असणार. मेव्हणी बादल्या घेऊन आली, तेव्हा दार बंद होतं आणि आतून खोकल्याचा आवाजही येत नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं? हे दोन एकत्र करायचं नाही म्हणून?" त्याने विचारलं.

"कोण सांगणार?" मेव्हणी म्हणाली. "साफ करायचंच पाणी ना दोन्ही? आम्हाला वाटलं, दुप्पट साफ होईल."

तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती पुन्हा उतरली नाही.

कारण हॉटेलात शिकवत नव्हते असं नाही. भरपूर शिकवायचे. एक ट्रेनर मॅडम यायच्या, बायकांना वरच्या गार हॉलमध्ये बसवायच्या आणि हसायला शिकवायच्या. किती दात दिसले म्हणजे आपुलकी आणि किती दिसले म्हणजे आगाऊपणा. पाहुणा समोरून आला तर भिंतीकडे कसं सरायचं. टॉवेलचा हंस कसा करायचा. हंसाला तर आख्खे दोन दिवस गेले होते. बायकोने घरी येऊन जुन्या पंच्याचा हंस करून दाखवला, त्याची मान लुळी पडली, तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. ती म्हणाली होती, "बाथरूम घासायला कुणी शिकवत नाही हो. ते म्हणे आम्हाला पोटातूनच येतं."

त्याच्या कारखान्यात पहिल्या दिवशी उस्तादाने त्याला मशीनला हात लावू दिला नव्हता. आधी बंद करायचं बटण दाखवलं आणि सैल बाही बघून पाठीत एक धपाटा घातला. उस्ताद काही संत नव्हता, शिव्याच जास्त द्यायचा. पण माणूस जिवंत घरी गेला तर बाकीचं उद्या शिकवता येतं, एवढं त्याला कळत होतं.

काही दिवसांनी हॉटेलचे मॅनेजर आणि ट्रेनर मॅडम घरी आले. मॅडमनी फुलं आणली होती. ती कुठे ठेवायची ते त्याला सुचेना, त्याने पाण्याच्या पिंपावर ठेवली.

मॅनेजर म्हणाले, "काका, आम्ही ताईंच्या नावाने स्टाफसाठी खास ट्रेनिंग ठेवलंय. तुम्ही आलात तर सगळ्यांना धीर येईल."

"कॅनबद्दल सांगणार ना?"

"सगळं सांगणार," मॅनेजर म्हणाले.

बैल गेला आणि झोपा केला, असं त्याच्या मनात आलं. तरी म्हटलं, झोपा होतोय ना? गोठ्यात अजून जनावरं आहेत. मेव्हणी त्याच कोठीत रोज उतरत होती. तिच्यासाठी तो गेला.

हॉलमध्ये पुढच्या रांगेत त्याला बसवलं. टेबलावर बायकोचा फोटो, ओळखपत्रावरचाच, मोठा केलेला. मॅडमनी दोन मिनिटं सगळ्यांना शांत उभं केलं. मग त्या म्हणाल्या, "गेले काही दिवस पाहुणे विचारताहेत, इथे कुणी वारलं का? अशा वेळी आपण गोंधळतो, कुणी रडतं. पाहुण्याच्या मनावर त्याचा परिणाम होतो. म्हणून आजचा विषय, अवघड प्रश्नाला शांत उत्तर."

त्याला वाटलं, जखम मांडीला नि मलम शेंडीला.

मॅडमनी उत्तर पाठ करून घ्यायला सुरुवात केली. एकेका बाईने उभं राहून म्हणायचं, "आमची एक सहकारी अचानक गेली, आम्हाला दुःख आहे. आपल्याला काही हवं आहे का?" आणि शेवटी हलकं हसायचं. मेव्हणीची पाळी आली. ती उभी राहिली. "आमची एक सहकारी," म्हणाली आणि थांबली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पुढे. मान वर."

"आमची एक..." मेव्हणीला रडू फुटलं.

"हेच आपल्याला टाळायचंय. पुन्हा एकदा, हसून."

तो उठला. "तिची सख्खी बहीण होती ती! सहकारी काय? आणि हसून काय?"

"भाऊजी, बसा ना," मेव्हणी कळवळून म्हणाली. "माझी नोकरी जाईल."

"बसतो. कॅनचं सांगा, लगेच बसतो." तो बायकांकडे वळला. "ब्लीचमध्ये काय ओतायचं नाही? कुणाला सांगितलं का यांनी, ती गेल्यावर तरी?"

मॅनेजरनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी मॅनेजरकडे.

"काका, सुरक्षेचा विषय पुढच्या टप्प्यात आहे," मॅनेजर म्हणाले. "सगळं एकदम घेता येत नाही. प्राधान्य ठरवावं लागतं."

"कुणाचं प्राधान्य? पाहुण्याचं मन दुखू नये हे आधी, आणि बाई मरू नये हे नंतर?"

"तुमचं दुःख आम्ही समजू शकतो."

"दुःख नाही साहेब, राग आहे. तेवढं तरी नीट समजा."

मॅनेजरनी दाराकडे खूण केली. वॉचमन आला आणि त्याच्या दंडाला धरलं, तसं हळूच. वॉचमनलाही बरं वाटत नसावं. वॉचमनबरोबर जाता जाता त्याने बायकांना डॉक्टरांनी सांगितलेलं ओरडून सांगितलं, "ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका! उग्र वास आला तर वाकून बघू नका, सगळं टाकून बाहेर पळा! आणि दाराला काहीतरी अडकवून ठेवा!" आणखी बरंच सांगायचं होतं, पण तेवढ्यात दार बंद झालं.

संध्याकाळी मेव्हणी घरी आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "नोकरी राहिली. ताकीद दिलीय."

"सोड ती नोकरी."

"सोडून कुठे जाऊ? सांगा की. आहे जागा तुमच्या कारखान्यात?"

"मर मग तिथेच!" तो ओरडला, आणि ओरडल्यावर त्याला आपल्या जिभेची भीती वाटली. मेव्हणी रडली नाही. तिने पाणी प्यायलं, भांडं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "ट्रेनिंगनंतर आज कुणी ओतलं नाही, भाऊजी. दाराला बादली लावली होती. पण स्टोअरवाला म्हणतो, रिकामा दाखवा. मग अर्ध्या खोल्या नुसत्या पाण्याने पुसल्या. उद्या तक्रार येणार."

तक्रार आली. मॅनेजरनी बायकांना झापलं. दाराची बादलीही काढायला लावली, वास वर येतो म्हणून. त्याने हॉटेलला पत्र लिहिलं, कामगार कार्यालयात दोनदा जाऊन आला. साहेब दौऱ्यावर आहेत, असं तिथल्या शिपायाने सांगितलं.

बायकोच्या जागी नवी बाई आली. मेव्हणी तिला कोठीत सोबतीला जाते, पण दोघींच्या पाळ्या नेहमी एक नसतात. नव्या बाईला हंस करता येतो आणि अवघड प्रश्नाचं उत्तर तिला पाठ आहे. कॅनचं ट्रेनिंग अजून झालेलं नाही.