आजोबांच्या फोनोग्राफची मोटर

लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरच्या बायकोच्या माहेरी गाणं रक्तातच आहे, असं तिथले सगळे सांगत. पुरावा म्हणून दिवाणखान्यात आजोबांचा फोनोग्राफ होता आणि मखमली डबीत त्यांचं गाणं कोरलेली एकुलती एक मेणाची नळी. नातवंडांच्या जन्माआधीच आजोबा गेलेले आणि मोटर जाम झालेली, तेव्हा तो आवाज हयात असलेल्या कुणीच ऐकला नव्हता. तरी थोरला मेहुणा आजोबांच्या नावानं गाण्याचा क्लास चालवी आणि त्या आवाजावर तासभर बोले. याच मेहुण्यानं बहिणीला, म्हणजे टर्नरच्या बायकोला, नवव्या वर्षी ‘तू आजोबांचं नाव घालवशील’ म्हणून गप्प केलं होतं. तेव्हापासून ती न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नसे. तिच्या नवऱ्याला याची चीड होती, आणि लग्नाला तीस वर्षं झाली तरी ती तसूभर कमी झाली नव्हती.

आजोबांच्या एकशे पंचविसाव्या जयंतीला नळी वाजवायचं ठरलं. गावातल्या दोन मेकॅनिकांनी हात टेकले, तेव्हा कुठे मंडळींना जावयाची आठवण झाली. एरवी त्याची काळी नखं पाहून हीच मंडळी नाकं मुरडत.

त्यानं मोटर उघडली आणि कपाळावर हात मारला. दर जयंतीला घरचे भक्तिभावानं तिच्यात चमचाभर सुवासिक केसांचं तेल ओतत आले होते! त्याचा डिंक होऊन स्प्रिंगचा डबा, दातेरी चाकं, वेग सांभाळणारा गव्हर्नर, सगळं एकमेकांना चिकटून बसलं होतं. त्यानं आधी स्प्रिंगचा ताण बेताबेतानं उतरवला, नाहीतर बोटं गेली असती. मग सांध्यांत रॉकेल सोडलं आणि वाट पाहत बसला. दुसऱ्या दिवशी मेहुणा हातोडी घेऊन आला. गव्हर्नरचा दांडा काडीएवढा आहे, टोला हाणायचाच असेल तर माझ्या डोक्यात हाणा, असं सांगून जावयानं त्याला वाटेला लावलं. पाचव्या दिवशी केस वाळवायच्या यंत्रानं शेक देऊन त्यानं चाक अर्धा दात पुढे, अर्धा दात मागे असं हलवत ठेवलं. चाक सुटलं तेव्हा त्याला लहान मुलासारखा आनंद झाला.

वाजवली की मेणाची नळी झिजते, म्हणून आधी ऐकून पाहिली नाही. समारंभाला नातेवाईक, क्लासचे विद्यार्थी, सगळे जमले. चावी दिली, चाकं सुरेख फिरली आणि कर्ण्यातून पेटीच्या साथीनं आजोबा गायला लागले. घरात सगळ्यांना पाठ असलेलंच पद, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी आजोबा सूर सोडून खाली उतरत होते.

“वेग चुकलाय, जावईबापू,” मेहुणा घाईघाईनं म्हणाला.

जावयानं वेगाचा स्क्रू फिरवला. आजोबा भराभर बेसूर झाले. उलटा फिरवला, तर सावकाश.

“वेगाचा दोष असता तर मागची पेटीही बेसूर वाजली असती, दादा. पेटी सुरात आहे,” जावई म्हणाला.

विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. मेहुण्यानं कपाळ पुसलं. “बंद करा ते.”

जावयानं ब्रेकवर बोट ठेवलं, एवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून त्याची बायको गाऊ लागली. तेच पद, त्याच ओळीला तीच घसरण, आजोबांच्या अगदी बरोबरीनं.

“अगं बाई,” म्हातारी काकू म्हणाली, “हिचा गळा थेट आजोबांवर गेलाय.”

जावयानं ब्रेकवरचं बोट काढलं आणि चावीला आणखी चार पिळे दिले.